ज्यू ओळख, झायोनिझम आणि जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतर मराठीत इस्रायलबद्दल भरपूर लिहिलं-बोललं गेलं. त्यातलं बरंचसं दोन गृहीतांवर उभं असतं: ज्यू म्हणजे इस्रायल, आणि इस्रायल म्हणजे झायोनिझम. खुद्द ज्यूंमध्ये मात्र यावर सव्वाशे वर्षं भांडण चालू आहे आणि ते मिटलेलं नाही. खालचे प्रश्न या घरच्या भांडणाबद्दल आहेत. कोण जिंकतंय, क्षेपणास्त्रं कोणती, हे इथे सापडणार नाही.

ज्यू असणं म्हणजे नक्की काय? धर्म, वंश की राष्ट्र?

एका शब्दात उत्तर मागितलंत तर कुणी ना कुणी ज्यू माणूस तुमच्याशी वाद घालेल. धर्मशास्त्र सांगतं, आई ज्यू असेल तर मूल ज्यू, किंवा रीतसर धर्मांतर केलं असेल तर. देवावर विश्वास नसला, शनिवारी दुकान उघडं ठेवलं, तरी हे नातं तुटत नाही. त्यामुळे नास्तिक ज्यू ही अगदी नेहमीची गोष्ट आहे.

इस्रायलच्या कायद्याची व्याख्या मात्र वेगळी आहे. 1950 च्या ‘परतीच्या कायद्या’ने जगातल्या कुठल्याही ज्यूला तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला, आणि 1970 च्या दुरुस्तीने तो ज्यूंच्या मुला-नातवंडांपर्यंत वाढवला. म्हणजे ज्यूंच्या नात्याने नागरिकत्व मिळालेली, पण रब्बीच्या (ज्यू धर्मगुरूच्या) दृष्टीने ज्यू नसलेली माणसं तिथे मोठ्या संख्येने आहेत.

ऑस्वाल्ड रुफायझेनचा खटला यावर फार बोलका आहे. पोलंडमधला हा ज्यू तरुण आपली ओळख लपवून जर्मन पोलिसांकडे दुभाष्या झाला आणि 1942 मध्ये त्याने मीर गावच्या घेट्टोतल्या (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या) लोकांना येणाऱ्या कत्तलीची खबर दिली. शेकडो लोक पळून जाऊ शकले. पुढे एका मठात लपलेला असताना तो कॅथलिक झाला, मग संन्यासी झाला आणि ‘ब्रदर डॅनियल’ म्हणून हैफाच्या मठात राहायला आला. त्याने परतीच्या कायद्याखाली नागरिकत्व मागितलं. धर्म कॅथलिक असला तरी राष्ट्रीयत्वाने मी ज्यूच आहे, असं त्याचं म्हणणं होतं. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. गंमत अशी की आई ज्यू असल्यामुळे धर्मशास्त्राने त्याला ज्यू म्हणायला हरकत नव्हती. अडले ते धर्मनिरपेक्ष न्यायाधीश. शेवटी त्याला इतर परदेशी माणसाला मिळतं तसं नागरिकत्व घ्यावं लागलं.

झायोनिझम म्हणजे काय, थोडक्यात?

ज्यू हे एक राष्ट्र आहे आणि त्याला पॅलेस्टाईनमध्ये स्वतःचं घर असावं, हा विचार. 1897 मध्ये बाझेलला थिओडोर हर्झल यांनी पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरवली, तिथून त्याला संघटनेचं रूप आलं. ‘घर’ म्हणजे सार्वभौम देश, सांस्कृतिक केंद्र की अरबांसोबतचं सामाईक राज्य, यावर झायोनिस्टांचंही एकमत नव्हतं. समाजवादी, धार्मिक, उदारमतवादी आणि उजवे, सगळे झायोनिस्ट एकाच मांडवात होते आणि एकमेकांवर डाफरत होते.

सुरुवातीपासून सगळे ज्यू झायोनिस्टच होते ना?

छे. सुरुवातीला तर ते अल्पमतात होते.

हर्झल यांना ती पहिली काँग्रेस म्युनिकला भरवायची होती. तिथल्या ज्यू समाजानेच हात वर केले, आणि जर्मनीतल्या रब्बींनी जाहीर निषेध केला. आम्ही ज्यू धर्माचे जर्मन आहोत, आमच्या निष्ठेवर शंका येईल असं काही करू नका, हा त्यांचा सूर. म्हणून गाडी बाझेलला गेली. अमेरिकेतल्या सुधारणावादी रब्बींनी तर 1885 मध्येच पिट्सबर्गला ठराव करून टाकला होता: आम्ही आता राष्ट्र नाही, धर्मसमुदाय आहोत, आणि पॅलेस्टाईनला परतण्याची अपेक्षा आम्ही धरत नाही.

पूर्व युरोपातल्या कामगारांमध्ये ‘बुंद’ ही समाजवादी संघटना उभी राहिली, तीही 1897 मध्येच, विल्नाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आपण जिथे राहतो तिथेच लढू, आपल्या यिद्दिश भाषेत, शेजारच्या कामगाराबरोबर. वाळवंटातल्या देशाची स्वप्नं श्रीमंतांनी पाहावीत. 1938-39 च्या पोलंडमधल्या नगरपालिका निवडणुकांत ज्यू मतदारांनी बुंदला मोठा कौल दिला. त्यानंतर काही वर्षांतच हे मतदार नाझींच्या छावण्यांत मारले गेले. बुंदचा युक्तिवाद हरला असं पुष्कळजण म्हणतात. माझ्या मते युक्तिवाद करणारेच उरले नाहीत, आणि या दोन गोष्टी एक नाहीत.

पण भारतीय वाचकाने लक्षात ठेवावं असं नाव एडविन मॉण्टेग्यू यांचं. शाळेच्या इतिहासात आपण ‘मॉण्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा’ पाठ करतो, तेच हे भारतमंत्री. 20 ऑगस्ट 1917 ला त्यांनी पार्लमेंटमध्ये भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी या ज्यू मंत्र्याने आपल्याच सरकारला एक टिपण लिहिलं आणि त्याला शीर्षक दिलं: विद्यमान सरकारचा ज्यूद्वेष. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंना राष्ट्रीय घर देण्याचा मसुदा तेव्हा चर्चेत होता. मॉण्टेग्यूंनी बजावलं की ज्यू राष्ट्र अशी काही गोष्टच नाही. हे घर झालं की प्रत्येक देश आपल्या ज्यूंना ‘तुमच्या देशात जा’ म्हणेल आणि पॅलेस्टाईन हा जगाचा घेट्टो होईल. 2 नोव्हेंबरला तो मसुदा बाल्फोर घोषणा म्हणून निघाला तेव्हा ते जहाजाने मुंबईकडे निघालेले होते. तरी त्यांची धडपड अगदीच वाया गेली नाही. इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना व राजकीय दर्जाला धक्का लागणार नाही, असं एक कलम त्या घोषणेत आहे; त्यामागे मॉण्टेग्यू आणि त्यांच्यासारख्या ज्यू विरोधकांचा दबाव होता.

मग इतका बदल कसा झाला?

दारं बंद झाल्यामुळे. 1924 च्या कायद्याने अमेरिकेने पूर्व युरोपातून येणाऱ्यांचा कोटा आवळला. जुलै 1938 मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला 32 देशांचे प्रतिनिधी जर्मनीतल्या ज्यू निर्वासितांचं काय करायचं म्हणून जमले, सहानुभूतीची भाषणं झाली, आणि डॉमिनिकन रिपब्लिक सोडलं तर कुणी फारशी जागा देऊ केली नाही. 1939 च्या श्वेतपत्रिकेने ब्रिटननेही तेव्हा आपल्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टाईनचं दार पाच वर्षांत 75 हजार माणसांपुरतं किलकिलं ठेवलं. मग साठ लाख ज्यू मारले गेले. वाचलेले लाखो लोक युद्धानंतरही जर्मनीतल्या निर्वासित छावण्यांत बसून होते, कारण परत जायला गाव उरलं नव्हतं आणि पुढे जायला व्हिसा नव्हता.

अमेरिकेतल्या सुधारणावादी रब्बींनी 1937 मध्ये कोलंबस इथे आपला जुना ठराव बदलला आणि पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं घर उभारायला मदत करणं हे प्रत्येक ज्यूचं कर्तव्य ठरवलं. हा बदल न रुचलेल्या काही रब्बींनी 1942 मध्ये वेगळी संघटना काढली, पण वारं फिरलेलं होतं. 1948 नंतर इराक, येमेन, मोरोक्को, इजिप्त अशा देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यू बाहेर पडले किंवा बाहेर काढले गेले, त्यांतले बहुसंख्य इस्रायलला आले. त्यांच्या नातवंडांना ‘झायोनिझम ही युरोपियनांची वसाहत’ असं कुणी ऐकवलं की त्यांचा पारा चढतो, आणि तो का चढतो हे समजून घेण्यासारखं आहे.

आणि तिथे आधीपासून राहणारे अरब? त्यांचा विचार कुणीच केला नव्हता?

केला होता, आणि फार लवकर. अहाद हाअम या नावाने लिहिणारे आशेर गिन्सबर्ग 1891 मध्ये पॅलेस्टाईनला जाऊन आले. ते स्वतः झायोनिझमचे मोठे विचारवंत. परत आल्यावर त्यांनी लिहिलं की बाहेर आपण समजतो तशी ही भूमी ओसाड नाही. नांगर न लागलेली जमीन शोधावी लागते. आणि आपले काही वसाहतवाले अरबांशी अतिशय वाईट वागतात. हर्झल यांच्या काँग्रेसच्या सहा वर्षं आधी हे छापून आलेलं आहे. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय त्यामुळे राहत नाही.

1925 मध्ये जेरुसलेममध्ये ‘ब्रित शालोम’ हा छोटा गट निघाला. ज्यू आणि अरब यांचं समान हक्कांचं एकच राज्य असावं, ही त्यांची मागणी. त्या वर्तुळात इतिहासकार गेरशोम शोलेम होते. हिब्रू विद्यापीठाचे पहिले प्रमुख यहुदा मॅग्नेस आणि तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी 1942 मध्ये हाच विचार ‘इहुद’ या गटातून पुढे नेला. माणसं नावाजलेली, अनुयायी मूठभर. शिवाय दुसऱ्या बाजूनेही हात पुढे करणारे फार थोडे मिळाले.

1947-49 च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घरं सोडून पळाले किंवा हाकलले गेले आणि त्यांना परत येऊ दिलं गेलं नाही. पॅलेस्टिनी याला ‘नकबा’ म्हणतात. 9 एप्रिल 1948 ला देर यासीन गावात उजव्या ज्यू सशस्त्र गटांनी शंभरावर गावकरी मारले. त्या वर्षअखेरीस त्यांतल्या एका गटाचे नेते मेनाखेम बेगिन अमेरिकेच्या दौऱ्यावर आले, तेव्हा अल्बर्ट आइनस्टाईन, हाना आरेण्ट आणि इतर ज्यू विचारवंतांनी न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात पत्र लिहून बेगिन यांच्या पक्षाची तुलना थेट फॅसिस्टांशी केली. त्याच आइनस्टाईनना 1952 मध्ये इस्रायलचं राष्ट्राध्यक्षपद देऊ केलं गेलं (त्यांनी नाकारलं), आणि बेगिन 1977 मध्ये पंतप्रधान झाले.

गांधीजींनी यावर काय म्हटलं होतं?

26 नोव्हेंबर 1938 च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिलं की इंग्लंड जसं इंग्रजांचं आणि फ्रान्स फ्रेंचांचं, तसं पॅलेस्टाईन अरबांचं आहे. हे वाक्य आपल्याकडे सारखं उद्धृत होतं. त्याच लेखात जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी सत्याग्रहाचा सल्ला दिला होता, तो भाग मात्र सोयीने गाळला जातो. जर्मनीभर सिनेगॉग (ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाळले गेले त्याला जेमतेम पंधरवडा झाला होता.

बुबर आणि मॅग्नेस या दोघांनी 1939 च्या सुरुवातीला गांधीजींना सविस्तर पत्रं लिहिली. दोघेही गांधीजींना मानणारे आणि दोघेही अरबांच्या बाजूने आपल्याच लोकांशी भांडणारे, म्हणून ही पत्रं वाचताना जीव तुटतो. जिथे साक्षीदारच नाही तिथे हौतात्म्याची साक्ष कोण देणार, असा बुबर यांचा प्रश्न होता. पॅलेस्टाईनबद्दल गांधीजींचं म्हणणं मला अजूनही दमदार वाटतं. ज्यूंना दिलेला सल्ला तितकाच पोकळ वाटतो. एकाच लेखात दोन्ही असू शकतं.

नैतिक जबाबदारीबद्दल ज्यू परंपरा काय म्हणते?

या प्रश्नाला जास्त जागा देतो, कारण आज जे ज्यू ‘आमच्या नावाने नको’ असे फलक घेऊन उभे राहतात त्यांची भाषा बाहेरून आलेली आहे असा समज आहे. ती घरचीच आहे.

तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात एक नियम आहे: घरातल्या माणसांना चुकीपासून रोखणं ज्याला शक्य होतं आणि ज्याने रोखलं नाही, त्याला घराच्या पापासाठी धरलं जातं, गावाला रोखू शकत होता तर गावाच्या, जगाला रोखू शकत होता तर जगाच्या. ‘सगळे इस्राएल (म्हणजे सगळे ज्यू) एकमेकांना जामीन आहेत’ हे वचनही तिथलंच. संकटात एकमेकांसाठी धावून जाण्यासाठी ते वापरलं जातं, आणि एकमेकांचा कान धरण्यासाठीही. परक्याला छळू नका, तुम्हीही मिसरमध्ये परके होता, ही ताकीद तोरामध्ये, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, छत्तीस वेळा येते असं तालमूद सांगतो.

याहून विलक्षण एक विधी तोरातल्या ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथाच्या 21 व्या अध्यायात आहे. उघड्या शेतात खून झालेलं प्रेत सापडलं आणि मारेकरी कळला नाही, तर प्रेतापासून भोवतालच्या गावांपर्यंतचं अंतर मोजायचं. सगळ्यांत जवळ जे गाव निघेल त्याच्या वडीलधाऱ्यांनी एक कालवड नांगर न लागलेल्या ओढ्यात नेऊन तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि म्हणायचं: हे रक्त आमच्या हातांनी सांडलं नाही. मिश्ना (तालमूदचा मूळ गाभा) इथे अडते आणि विचारते की गावच्या थोरांनी खून केला असेल असा संशय तरी कुणाला होता का? मग ते हे का म्हणतात? उत्तर असं: हा माणूस आमच्याकडे आला आणि आम्ही त्याला जेवण न देता, सोबत न देता वाटेला लावला, असं झालेलं नाही, हे त्यांना सांगायचं असतं. म्हणजे खून न करताही विचारणा होऊ शकते.

ही सगळी जुन्या पोथ्यांतली गोष्ट म्हणून सोडून दिली असती, पण 1983 मध्ये ती एका सरकारी अहवालात आली. सप्टेंबर 1982 मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शातिला या निर्वासित छावण्यांत लेबनॉनच्या ख्रिस्ती फलांगे टोळ्यांनी शेकडो पॅलेस्टिनी आणि लेबनीज मारले. छावण्यांना वेढा इस्रायली लष्कराचा होता आणि टोळ्यांना आत त्यांनीच सोडलं होतं. पंतप्रधान बेगिन यांची पहिली प्रतिक्रिया होती की बिगरज्यूंनी बिगरज्यूंना मारलं आणि बोट ज्यूंकडे. त्यावर तेल अवीवमध्ये प्रचंड मोर्चा निघाला. आयोजकांच्या मते चार लाखांचा, तेव्हा देशाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या घरात होती. सरकारला चौकशी नेमावी लागली. सरन्यायाधीश यित्झाक काहान यांच्या आयोगाने ‘अप्रत्यक्ष जबाबदारी’ ठरवताना नेमक्या त्याच कालवडीच्या विधीचा दाखला दिला. संरक्षणमंत्री आरिएल शारोन यांना ते खातं सोडावं लागलं. (मंत्रिमंडळ सोडावं लागलं नाही, आणि 2001 मध्ये ते पंतप्रधान झाले. परंपरेची ताकद किती आणि मर्यादा किती, दोन्ही यात आलं.)

अमेरिकेतले रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल व्हिएतनाम युद्धाच्या काळात म्हणत की दोषी थोडे असतात, जबाबदार सगळे. दोष आणि जबाबदारी यांतला हा फरक पुढच्या प्रश्नासाठी लक्षात ठेवा.

म्हणजे गाझासाठी प्रत्येक ज्यू जबाबदार आहे?

नाही. आणि हा प्रश्न बिगरज्यूने ज्यूला विचारायचाच नसतो.

जबाबदारी स्वतःहून अंगावर घेता येते. दुसऱ्याच्या अंगावर जन्माच्या आधारे टाकली की ती शिक्षा होते. ब्रुकलिनमधली एखादी तरुणी म्हणते, माझ्या धर्माचं नाव घेऊन हे चाललंय, मी बोललंच पाहिजे. तो तिचा अधिकार. पण लंडनच्या सिनेगॉगवर दगड मारणारा जेव्हा ‘गाझाचा जाब’ विचारतो, तेव्हा तो ज्यू म्हणजेच इस्रायल हे समीकरण नेतन्याहूंपेक्षा जास्त इमानाने मानत असतो.

मुंबईकराला याचं उदाहरण लांब शोधायला नको. 26 नोव्हेंबर 2008 ला कुलाब्याच्या नरीमन हाउसमध्ये सहा माणसं मारली गेली ती ज्यूंचं ठिकाण म्हणून. त्यांत जेरुसलेमहून आलेला, सातमार परंपरेच्या घराण्यातला एक रब्बी होता. हे लोक इस्रायल या राज्यालाच धर्मबाह्य मानतात. मृतदेह इस्रायलला पोहोचले तेव्हा त्याच्या कुटुंबाने शवपेटीवर इस्रायलचा झेंडा नको म्हणून सांगितलं. मारणाऱ्यांना असल्या फरकाशी देणंघेणं नव्हतं.

धार्मिक ज्यू असून इस्रायलला विरोध? हे कसं?

सातमार आणि नेतुरेई कार्तासारख्या गटांचं म्हणणं असं की हद्दपारी ही देवाची शिक्षा आहे. मसीहा येण्याआधी जोर करून पवित्र भूमीत राज्य उभारणं म्हणजे देवाशी केलेला करार मोडणं. याला तालमूदचा आधार देतात. यात पॅलेस्टिनींबद्दलचा कळवळा असेलच असं नाही, म्हणून मोर्च्यात काळ्या कोटातले दाढीवाले रब्बी दिसले की लगेच त्यांना डावे समजू नये. उलट टोकाला रब्बी अब्राहम कूक यांच्या परंपरेतले लोक आहेत. त्यांना नास्तिक झायोनिस्टांच्या हातूनही देवाचंच काम होताना दिसलं. 1967 च्या युद्धात इस्रायलने जिंकलेल्या वेस्ट बँकमधल्या वसाहतींमागची धार्मिक ऊर्मी या परंपरेतून आली.

मत बदललेले ओळखीचे लोक कोण?

पहिलं नाव नाथन बिर्नबाउम यांचं घ्यायला हवं. 1890 च्या सुमारास ‘झायोनिझम’ हा शब्दच त्यांनी रूढ केला, पुढे ते यिद्दिशवादी झाले आणि शेवटी झायोनिझमविरोधी कर्मठ धार्मिक. डच कवी याकोब इस्राएल द हान झायोनिस्ट म्हणून जेरुसलेमला गेले, तिथे विरोधक झाले, आणि 1924 मध्ये हागाना या ज्यू सशस्त्र संघटनेच्या माणसाने त्यांना गोळ्या घातल्या.

येशायाहू लाइबोवित्स यांचा नमुना वेगळाच. कडक सनातनी, जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक, आणि शेवटपर्यंत स्वतःला झायोनिस्ट म्हणवणारे. 1967 च्या विजयाचा कैफ उतरायच्या आत त्यांनी सांगितलं की जिंकलेला प्रदेश सोडा. दुसऱ्या लोकांवर राज्य करणारा देश हेरगिरीवर चालतो आणि आतून सडतो, असं त्यांचं निदान. जेरुसलेममधल्या पश्चिम भिंतीशी, ज्यूंच्या पवित्र प्रार्थनास्थळी, चाललेली झेंड्यांची आणि सैनिकांची पूजा त्यांना मूर्तिपूजा वाटे. 1993 मध्ये त्यांना देशाचा सर्वोच्च पुरस्कार जाहीर झाला. सैनिकांबद्दलच्या त्यांच्या जहाल वक्तव्यावरून गदारोळ उठला, पंतप्रधान राबिन यांनी समारंभाला येणार नाही म्हटलं, आणि लाइबोवित्सनी पुरस्कार घेतला नाही.

अलीकडचे पीटर बायनार्ट. अमेरिकेतले हे सश्रद्ध ज्यू पत्रकार वर्षानुवर्षं उदारमतवादी झायोनिझमची बाजू मांडत होते. जुलै 2020 मध्ये त्यांनी लिहिलं की इस्रायल आणि पॅलेस्टाईन अशा दोन राष्ट्रांचा मार्ग आता उरलेला नाही आणि ज्यू राज्याऐवजी समान हक्कांच्या राज्यावर माझा विश्वास आहे. ते सिनेगॉगला जातात, शब्बाथ (शनिवारची विश्रांती) पाळतात. म्हणजे मत बदललं म्हणून ओळख सुटली, असं झालं नाही.

उलट दिशेने गेलेलेही आहेत. इतिहासकार बेनी मॉरिस यांनी 1980 च्या दशकात पॅलेस्टिनींच्या हकालपट्टीची कागदपत्रं उजेडात आणली; 2000 च्या इंतिफादानंतर (पॅलेस्टिनी उठावानंतर) त्यांची राजकीय मतं बरीच उजवीकडे सरकली. आणि 7 ऑक्टोबरला हमासने सुमारे 1200 लोक मारले, 251 जणांना ओलीस नेलं, त्यानंतर इस्रायली डाव्यांपैकी कित्येकांचा शेजाऱ्यावरचा भरवसा संपला. मेलेल्यांत बेएरी या किबुत्झच्या (सामूहिक वसाहतीच्या) व्हिव्हियन सिल्व्हर होत्या. त्या कित्येक वर्षं पॅलेस्टिनींसोबत शांततेचं काम करत होत्या. दुसरीकडे, गाझाच्या आरोग्य खात्याच्या आकड्यानुसार 2025 च्या मध्यापर्यंत तिथले मृत 60 हजारांवर गेले, आणि जुलै 2025 मध्ये ‘बेत्सेलेम’ या इस्रायली मानवाधिकार संघटनेने आपल्या सरकारच्या कृतीला वंशसंहार म्हटलं. इस्रायल सरकार हा आरोप साफ नाकारतं.

हे थोडे विचारवंत झाले. सामान्य ज्यूंचं काय?

अमेरिकेपुरतं सांगता येतं. प्यू संस्थेच्या 2020 च्या पाहणीत ज्यू असण्यासाठी काय अत्यावश्यक, असं विचारलं होतं. 76 टक्के म्हणाले नाझी संहाराची आठवण ठेवणं, 72 टक्के म्हणाले नीतीने वागणं. इस्रायलची काळजी असणं हे 45 टक्क्यांना अत्यावश्यक वाटलं. तिशीच्या आतल्यांत हे प्रमाण 35 टक्के होतं. ही युद्धाच्या आधीची गोष्ट. इस्रायलमध्ये अशी घसरण नाही. तिथे सैन्यात मुलगा असलेल्या आईला हा प्रश्न न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यासारखा पडत नाही.

झायोनिझमला विरोध म्हणजे ज्यूद्वेष का?

कधी असतो, कधी नसतो. 2016 मध्ये मान्य झालेली आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मरण आघाडीची व्याख्या इस्रायलवरच्या काही प्रकारच्या टीकेला ज्यूद्वेषाच्या उदाहरणांत धरते. 2021 मध्ये अनेक ज्यू अभ्यासकांनी जेरुसलेम जाहीरनामा काढून ती उदाहरणं फार सैल आहेत असं म्हटलं. माझी साधी कसोटी अशी: वाक्यातून ‘इस्रायल’ काढून दुसऱ्या देशाचं नाव घातलं तर ते बोलणाऱ्याला पटतं का? आणि ‘झायोनिस्ट’ म्हणताना त्याला सावकार, बँका, माध्यमांवरचा कब्जा हे सुचतं का? सुचत असेल तर रोग जुनाच आहे. पण मॉण्टेग्यू, बुंद आणि सातमार या सगळ्यांना ज्यूद्वेष्टे ठरवणारी व्याख्या मला निकामी वाटते.

अशा ज्यूंना ‘घरभेदी’ म्हणतात, ते?

म्हणतातच. 1963 मध्ये नाझी अधिकारी आइकमनच्या खटल्यावर लिहिल्याबद्दल हाना आरेण्ट यांना त्यांचे जुने मित्र शोलेम यांनी सुनावलं की तुझ्यात आपल्या लोकांबद्दल प्रेम नाही. आरेण्ट यांनी उत्तर दिलं की मी आयुष्यात कुठल्याच समूहावर प्रेम केलेलं नाही, मी फक्त मित्रांवर करते. आणि मी ज्यू आहे ही गोष्ट मी कधी नाकारलेली नाही. मैत्री जवळजवळ तुटली. शोलेम हे स्वतः ब्रित शालोममधले. आजही अमेरिकेत पासओव्हर या ज्यू सणाच्या जेवणाला हा विषय काढायचा नाही, असे करार घराघरांत होतात. तरी नवे आसरेही उभे राहिलेत: शिकागोच्या ‘त्सेदेक’ या 2015 मध्ये सुरू झालेल्या मंडळीने 2022 मध्ये आपण झायोनिझमविरोधी असल्याचं जाहीर केलं.

यात आपले बेने इस्राएल कुठे बसतात?

बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. या सगळ्या वादात ते थोडे बाजूला, आणि तरी मधोमध. अलिबागजवळ नवगावला फुटलेल्या गलबतातून वाचलेली कुटुंबं, ही त्यांची परंपरा. तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून ‘शनवार तेली’. आडनावं पेणकर, दिवेकर, केहिमकर. नवस फेडायला मलिदा. इथे त्यांच्यावर कधी धर्मामुळे हल्ले झाले नाहीत, म्हणून युरोपियन ज्यूंना झायोनिझमकडे ढकलणारं कारण त्यांच्याकडे नव्हतंच. तरी 1948 नंतर सुमारे वीस हजारांच्या समाजातले बहुतेक इस्रायलला गेले. कुणी श्रद्धेने गेले. कुणी इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचं काय होणार या काळजीने गेले.

तिथे धक्का बसला तो रंगाचा आणि जातीचा. 1951 मध्ये बीरशेबाच्या काहींनी भेदभावाविरुद्ध धरणं धरलं आणि आम्हाला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. पुढच्या वर्षी शंभरावर लोकांना परत पाठवलंही गेलं. (त्यांतले बरेच पुन्हा इस्रायलला गेले.) 1962 मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निसीम यांच्या कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्राएल वधू-वरांची काही पिढ्यांची वंशावळ तपासल्याशिवाय लग्न लावू नये, त्यांच्या ज्यू असण्याबद्दलच शंका. या समाजाने जेरुसलेममध्ये मुलाबाळांसह धरणं धरलं, उपोषणं केली. ऑगस्ट 1964 मध्ये क्नेसेटचं, म्हणजे इस्रायली संसदेचं, खास अधिवेशन बोलवावं लागलं आणि सदस्यांनी बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचा ठराव केला. रब्बींनी मग फर्मानातून त्यांचं नाव काढलं.

सत्याग्रह त्यांनी कोकणातून नेला, आणि मागणी केली ती ज्यू राज्यात बरोबरीने सामील होण्याची. त्यांना झायोनिझमचे बळी म्हणून उभं करणारे हा दुसरा भाग विसरतात. झायोनिझमचे भक्त म्हणून मिरवणारे पहिला.

इथे राहिलेल्यांना गाझाबद्दल विचारावं का?

ओळख असेल, गप्पांच्या ओघात विषय निघाला, तर जरूर बोलावं. अनेकांचे काका-मावश्या अश्दोद, दिमोना, लोदला आहेत, तेव्हा सायरन वाजला की आधी व्हॉट्सॲप बघितलं जातं, मतं नंतर. पण केवळ आडनाव दिवेकर आणि दाराच्या चौकटीवर मेझुझा (धर्मवचनांची छोटी डबी) दिसली म्हणून कुणाला जाब विचारू नये. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इथली ज्यू मंडळी चार-पाच हजारांच्या आसपास उरली आहेत, आणि मतं विचाराल तर घरटी वेगळी मिळतील.